वीस मिनिटांची गाडी: छोटी स्पोर्ट्स कार ट्रॅकसाठी तयार करताना

बेळगावात गाडी ‘रेसची’ करायची म्हटलं की पहिला खर्च सायलेन्सरवर होतो. मग बॉनेटवर पट्टे, डिकीवर पंख, स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवलेली, आणि रात्री खानापूर रोडवर अख्ख्या टिळकवाडीची झोप मोडेल असा आवाज. यातल्या एकाही गोष्टीनं गाडी ट्रॅकवर पुढं सरकत नाही. कापलेल्या स्प्रिंगांनी तर चक्क मागं पडते. त्याचं कारण पुढं येईलच.

ट्रॅकवर गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रात पळवतात. सत्र संपलं की आत यायचं, गाडी थंड करायची, पुन्हा जायचं. वीस मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण हायवेवर ताशी १०० नं निपाणीकडं निघालेली छोटी गाडी आपल्या इंजिनाच्या ताकदीचा पाचवा-चौथा हिस्सा जेमतेम वापरत असते, आणि ब्रेक म्हणाल तर टोलनाका येईपर्यंत पायही लागत नाही. ट्रॅकवर मात्र पाय एक तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर असतो किंवा पूर्ण ब्रेकवर. अधेमधे काही नाही. त्यामुळं कंपनीनं घरच्या वापरासाठी बनवलेली गाडी चौथ्या-पाचव्या फेरीतच कुरकुर करायला लागते. पेडल मऊ होतं, ऑइलचा दिवा चमकतो, टायर लोण्यासारखे सरकतात. ट्रॅकची गाडी तयार करणं म्हणजे ही वीस मिनिटं तिला सोसतील असं करणं. वेग त्याच्या मागून येतो. आणि या सगळ्यात खरा शत्रू एकच, उष्णता.

मुळात गाडी कुठली घ्यायची? जगभर या कामासाठी पहिलं नाव निघतं ते माझदाच्या एमएक्स-५ चं. १९८९ साली आलेली, दोन सीटची, पुढं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, आणि वजन टनाच्या आतबाहेर. अमेरिकेत केवळ या गाडीसाठी शर्यतींचा स्वतंत्र वर्ग आहे. टोयोटाची एमआर-२ आणि लोटसची एलिस ही त्याच पंगतीतली नावं. पण माझदानं आपल्याकडं कारचं दुकान कधी थाटलंच नाही, आणि जुनी परदेशी गाडी भारतात आणायची तर नियम आणि कर बघूनच माणूस गार होतो. आपल्या शेजारी गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची, दोन सीटची, रेनॉच्या १.२ लिटर इंजिनाची गाडी होती. पण ती आता संग्रहात ठेवण्याइतकी दुर्मीळ झालेय, तिला कापायला हात धजावू नये.

म्हणून आपल्याकडं हे काम हॅचबॅक आणि छोट्या सेदानवर होतं. एस्टीम, झेन, पहिली स्विफ्ट, जुनी होंडा सिटी व्हीटेक, पोलो. हलक्या, सुटे भाग गल्लोगल्ली मिळणाऱ्या, आणि ज्यांच्यावर देशात आधीच बऱ्याच लोकांनी शर्यतीसाठी हात फिरवलाय अशा. भारतातल्या शर्यतीची परंपराही अशाच काटकसरीतून उभी राहिली. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मारुती ८०० चं इंजिन वापरून एका सीटची फॉर्म्युला मारुती बांधली. पुढं २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच गाडीवर शर्यतीचे पहिले धडे गिरवून गेला.

जुनी गाडी बघताना आपल्या भागात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. बेळगावच्या बाजारात गोवा पासिंगच्या गाड्या येतात, किंमत बरी असते, रंग चकाचक असतो. पण समुद्राची खारी हवा खालून काम करून गेलेली असते. गाडी वर घेऊन दाराखालची पट्टी, शॉकअप जिथं बसतो तो मनोरा, मागच्या सीटखालचा पत्रा हे सगळं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघायचं. इंजिन दमलेलं असलं तरी चालेल, ते उतरवून बांधता येतं. पत्रा गेलेला असला तर गाडी सोडून द्यायची. पुढचं सगळं त्या पत्र्यावरच उभं राहणार आहे.

आधी थांबायला शिकवा

पहिला पैसा ब्रेकवर. हा काही पोक्त सल्ला म्हणून सांगत नाही, गणितच तसं आहे. हजार किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणायची तर सुमारे ६०० किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. हवेचा आणि इंजिनाचा थोडा वाटा सोडला तर ती सगळी डिस्कमध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीत, उष्णता होऊन शिरते. त्यातली साधारण ७० टक्के पुढच्या दोन डिस्कांच्या वाट्याला. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली, तर एकाच ब्रेकनं तिचं तापमान ९० अंशांनी वर जातं. हे फक्त एका वळणाचं झालं. पुढचं वळण अर्ध्या मिनिटाच्या आत येतं, तेवढ्या वेळात डिस्क पूर्ण थंड होत नाही, आणि असं वीस मिनिटं चालतं. म्हणून ट्रॅकवर डिस्क ५०० अंशांच्या पुढं सहज जाते.

बेळगावच्या वाचकाला डिस्क कशाची असते हे सांगायची गरज नाही. उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमध्ये रोज ओततात तेच राखाडी बीड. या बिडात कार्बनच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात. त्या उष्णता झटपट पसरवतात आणि थरथर गिळतात. स्वस्त, आणि या कामाला अगदी योग्य. त्यामुळं डिस्क फार महागडी घ्यायची गरज नसते. दोन पत्र्यांमध्ये हवेची वाट असलेली, साध्या तोंडाची, चांगल्या मेकची डिस्क घ्या. भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण भोकाच्या कडेनंच आधी तडे जातात. वापरलेली डिस्क उजेडात तिरकी धरून बघा: निळसर झाक आली असेल तर ती फार तापून गेलीय, नखाला लागेल असा तडा कडेपर्यंत पोचला असेल तर ती भंगारात.

बदलायचं ते पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ठोकळे, आणि ब्रेक ऑइल. रस्त्यावरचे पॅड थंडीतसुद्धा पहिल्याच दाबाला धरावेत म्हणून बनवलेले असतात. साडेतीनशे अंशांच्या आसपास ते हात टेकतात. त्यांचा चिकट घटक उकळून वाफ होते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. ट्रॅकचे पॅड याच्या उलट. गार असताना किंचाळतात, नीट धरत नाहीत, डिस्क लवकर खातात, आणि तापले की मग कामाला लागतात.

ब्रेक ऑइलची गंमत वेगळी. चोर्ला किंवा आंबोली घाट भरल्या गाडीनं सतत ब्रेकवर उतरलेल्या माणसाला ती माहीत असते: खाली येईस्तोवर पेडल मऊ पडत जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही, असा दंडक आहे. तेच पाणी शोषलेलं असलं की हा आकडा १५५ वर येतो. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ फळीला टेकतो. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात वर्ष-दोन वर्षं उभी असलेल्या गाडीचं ऑइल कसं असेल याचा अंदाज करा. शर्यतीसाठी मिळणारं ऑइल ३०० अंशांच्या पुढचं असतं. ते भरायचं, आणि ट्रॅकवर जायच्या आधी ताजं भरायचं. सील फोडून अर्धी वापरलेली बाटली ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून फळीवर ठेवायची नाही.

याशिवाय पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेचा एक पाईप काढला की डिस्क बरीच थंड राहते. रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नळ्या घातल्या की त्या दाबाखाली फुगत नाहीत आणि पेडल घट्ट राहतं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस काढू नका. काढलं की मर्दानगी सिद्ध होते असा काहींचा समज आहे. होतं एवढंच, की पहिल्या पावसात एक टायर चपटा होतो.

ऑइल कुठं जातं?

ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात, आणि म्हणून सगळ्यात जास्त इंजिनं हिच्यापायी जातात. साध्या गाडीत ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठलेलं असतं, आणि पंपाची तोटी त्यात बुडालेली असते. चांगले टायर लावलेली गाडी वळणावर १ जी इतका आडवा जोर सहन करते, म्हणजे तिच्या वजनाइतकाच जोर तिला बाजूला ढकलत असतो. अशा वेळी चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, बरोबर ४५ अंशांत तिरका होतो. वळण लांबलचक असलं की सगळं ऑइल एका कडेला, तोटी उघडी, पंप हवा ओढतो, आणि क्रँकच्या बेअरिंगला तेलाचा थेंब नाही. इंजिन त्या क्षणी सहा हजारांवर फिरत असतं. दोन सेकंद पुरतात. पुढच्या आठवड्यात गाडी टकटक आवाज करायला लागते आणि मालक म्हणतो, ‘ऑइल तर फुल होतं.’ फुल होतंच. फक्त जागेवर नव्हतं.

उपाय आपल्याकडं सहज होण्याजोगा आहे. चेंबर उतरवायचं आणि तोटीभोवती पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घ्यायचे, त्यांना एकाच बाजूला उघडणारी छोटी झाकणं ठेवायची, म्हणजे ऑइल आत येतं पण बाहेर पळत नाही. उद्यमबागेतला कुठलाही जाणता फॅब्रिकेटर हे काम चित्र काढून दिलं तर करून देईल. अट एकच: वेल्डिंगनंतर चेंबर आतून इतकं स्वच्छ करायचं की पांढरं फडकं फिरवलं तर पांढरंच बाहेर यावं. वेल्डचा एक दाणा आत राहिला तर आडोशाचा काही उपयोग नाही. त्यासोबत ऑइल प्रेशर आणि ऑइल टेम्परेचर दाखवणारे दोन खरे मीटर बसवा. कंपनीचा लाल दिवा पेटतो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ऑइल १३० अंशांच्या वर टिकून राहायला लागलं तर ऑइल कूलर लागेल. रेडिएटर मोठा करण्याआधी जुना आतून साफ आहे का बघा, आणि त्याच्या बाजूच्या फटी पत्र्यानं किंवा फोमनं बंद करा. आत आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जात असेल तर नवा रेडिएटर घेऊनही फरक पडायचा नाही.

इंजिनाची ताकद वाढवण्याबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. पहिलं वर्षभर तिकडं बघूही नये.

वजन

इथं पैसे लागत नाहीत, पाना लागतो. मागची सीट, स्टेपनी आणि जॅक, कार्पेट, छताचं कापड, म्युझिक सिस्टीम, दारांच्या आतली सजावट, एसी. यातून छोट्या गाडीचं शंभर किलोच्या आसपास वजन उतरतं. ९५० किलोची आणि १०० हॉर्सपॉवरची गाडी ८५० किलोची झाली, तर पिकअपच्या हिशेबानं इंजिनात जवळपास १२ हॉर्सपॉवर भरल्यासारखं होतं. शिवाय वाढवलेली हॉर्सपॉवर फक्त सरळ रस्त्यावर कामाला येते. कमी झालेलं वजन ब्रेक लावताना, वळताना आणि टायर झिजताना, सगळीकडं वाचतं.

तळाच्या पत्र्याला आवाज मारण्यासाठी डांबराचे जाड पट्टे चिकटवलेले असतात. परदेशात ते सुक्या बर्फानं कडक करून हातोडीनं फोडतात. आपल्याकडं हीट गन आणि पत्र्याची उलथणी. एक दिवस पाठ मोडते, पण होतं.

काय काढायचं नाही तेही सांगतो. काचेवर हवा मारणारा ब्लोअर काढू नका. पावसात दमट हेल्मेट घालून आत बसलात की दोन फेऱ्यांत काच धुरकट होते, आणि समोरचं वळण अंदाजानं घ्यावं लागतं. वायपरही राहू द्या. एअरबॅग काढायची असेल तर आधी बॅटरीची वायर सोडून बऱ्याच वेळानं, जाणकाराच्या हातूनच. ती छोट्या स्फोटावर उघडते हे विसरू नका.

टायर, आणि कापलेल्या स्प्रिंगा

गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. बाकी सगळी खटपट ती जागा सपाट टेकलेली राहावी म्हणून. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, त्यासोबत बाहेरचं चाकही झुकतं आणि टायरच्या कडेवर येतं. म्हणून चाकं आधीच वरच्या बाजूनं आत कललेली ठेवतात. याला कॅम्बर म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत तो जवळपास शून्य असतो. ट्रॅकवर अडीच-तीन अंश उणे ठेवणं नेहमीचं आहे. एमएक्स-५ ला चारी चाकांना धरणारे वर-खाली दुहेरी आर्म असल्यामुळं ती झुकली तरी चाक बऱ्यापैकी उभं राहतं. आपल्या हॅचबॅकला पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, आणि आर्म फक्त खाली. गाडी झुकली की चाक तिच्यासोबतच झुकतं. म्हणून त्यांना कॅम्बर जास्त लागतो.

आता स्प्रिंगा. स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म चाकाकडं थोडा उतरता किंवा सपाट असतो. स्प्रिंग कापून गाडी खाली आणली की तो आर्म चाकाकडं चढता होतो. त्यामुळं गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो बिंदू गाडी जितकी उतरली त्याहून जास्त खाली जातो, आणि गाडी कमी झुकण्याऐवजी जास्त झुकायला बघते. त्यात शॉकअपचा दांडा आखूड अंतरात हलायला लागून आत आपटतो. दिसायला शर्यतीची, चालवायला बैलगाडी. खाली आणायचीच असेल तर त्या मापाचे कडक शॉकअप आणि स्प्रिंगा एकत्र घ्या, आणि थोडंच खाली आणा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक जड असतं. वळणात ती सरळ जाऊ बघते. तिला मागचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारा आडवा दांडा, जाड केला की ती नाक आत घालायला लागते. आत असलेलं पुढचं चाक वळणातून बाहेर पडताना नुसतंच गरगरत असेल तर सगळी ताकद त्या एकाच चाकाला जाऊ न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल लागेल. पण ते नंतरचं, आणि महागाचं.

टायरमधल्या हवेचा हिशेब घरी बसून करता येतो. सकाळी २५ अंशांत २८ पीएसआय भरलेला टायर ७५ अंशांपर्यंत तापला की ३५ पीएसआयवर जातो. म्हणजे पंपावरच्या पोराला नेहमीचा आकडा सांगून भरून घेतलेली हवा चौथ्या फेरीत जास्त होते, आणि टायर मधोमधच टेकतो. हवा गरम टायरवर मोजायची, आत आल्या आल्या, आणि तिथंच कमी करायची. महागडं यंत्र नसेल तर शाळेचा खडू घ्या. टायरच्या कडेवरून बाजूपर्यंत चार ठिकाणी आडव्या रेघा मारा आणि दोन-तीन फेऱ्या मारून या. खडू कडेच्या खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर वाकतोय, हवा कमी आहे. कडेपर्यंतही पुसला नसेल तर हवा जास्त. जगभरचे लोक अजूनही हे करतात.

पिंजरा

‘काका, गाडीत आतून पाईपांचा पिंजरा करून द्या की.’
‘करूया की. जीआय घालू की काळा? जीआयला गंज येत नाही बघा.’

ही चर्चा आपल्याकडच्या ग्रिल-गेटच्या कुठल्याही दुकानात होऊ शकते, आणि ती तिथंच थांबवायला हवी. काकांचा हात सफाईचा असेल, वेल्डची रेघ सुबक येईल, प्रश्न पाईपाचा आहे. जीआयवर जस्ताचा थर असतो. वेल्ड करताना त्याचा विषारी धूर होतो आणि जोडात भोकं राहतात. साध्या पाईपाला लांबीभर एक शिवण असते, उलटलेल्या गाडीच्या वजनाखाली तो शिवणीवरच फाटू शकतो. जागतिक मोटर स्पोर्ट संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमात मुख्य कमानीसाठी बिनशिवणीचा, थंड ओढलेला कार्बन स्टीलचा पाईप सांगितलाय: ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. इतर दांड्यांना ३८ आणि अडीच, किंवा ४० आणि २. पाईप जिथं पत्र्यावर टेकतो तिथं किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी, नाहीतर अपघातात पाईप पत्रा फोडून खाली जातो आणि छत डोक्यावर येतं. असा पाईप प्रमाणपत्रासह मागवावा लागतो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली जी पोरं बाहा आणि सुप्रा स्पर्धांसाठी गाड्या बांधतात, त्यांना हे पाठ असतं, त्यांच्याशी बोला.

पिंजरा घातलेली गाडी हेल्मेटशिवाय चालवायची नाही, अगदी गॅरेजपासून कोपऱ्यापर्यंतसुद्धा. साध्या धक्क्यातही उघडं डोकं त्या लोखंडी पाईपावर आपटतं. पिंजऱ्यासोबत बकेट सीट, सहा टोकांचा पट्टा, आणि मान धरून ठेवणारं हान्स साधन हे सगळं एकत्रच येतं. अर्धवट घेऊन उपयोग नाही. पट्टा खांद्यावरून मागं जवळपास आडवा जायला हवा. तो मागच्या तळाला नेऊन बांधला तर धडक बसताना खांदे खाली दाबले जातात आणि मणक्याला मार बसतो. पट्ट्यावर मुदत छापलेली असते, निर्मितीपासून पाच वर्षांची. ‘नवाकोरा’ म्हणून स्वस्तात मिळालेला पट्टा आधी उलटून बघा. अग्निशामक हाताच्या टप्प्यात आणि बोल्टनं घट्ट, बॅटरी तोडणारा स्विच आतून आणि बाहेरूनही, आणि टोचनचे हूक पुढं-मागं ठळक रंगात. वाळूत रुतलेली गाडी ओढायला आलेल्या माणसाला हूक शोधावा लागू नये.

रस्त्यावर नाही म्हणजे नाही

शर्यतीचा बैल कुणी औताला जुंपत नाही, आणि चिकोडीकडच्या माणसाला हे मी सांगावं असं नाही. ट्रॅकची गाडीही तशीच. पिंजरा, उघडा पत्रा, किंचाळणारे पॅड घेऊन ती ऑफिसला जायच्या कामाची राहत नाही. कायदाही तेच सांगतो. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विम्याचा तर विचारच सोडा. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, त्यामुळं ट्रॅकवर ठोकलेल्या गाडीचा खर्च तुमच्याच खिशातून.

म्हणून आरटीओत जाऊन रीतसर विचारून नोंदणी रद्द करून घ्यायची आणि गाडी कायम टोचनच्या ट्रकवर न्यायची, हा सरळ मार्ग. एक फायदा असा, की नंबरप्लेटच नसल्यामुळं केए की एमएच हा आपल्या भागातला जुना विषय त्या गाडीपुरता मिटतो.

न्यायची कुठं? कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, वळणावळणाचा, छोट्या गाडीला साजेसा. चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आणि जास्त वेगाचा. बेळगावहून दोन्हीकडं आठशे-साडेआठशे किलोमीटरची वाट. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, तो ५.१ किलोमीटरचा आणि आपल्याला भलताच लांब. म्हणजे एका वारीत ट्रक, डिझेल, दोन माणसांचा मुक्काम, ट्रॅकची फी, टायर आणि पॅड. गाडी बांधायला लागलेल्या पैशांइतकेच पैसे दोन-तीन वर्षांत या वाऱ्यांवर जातात, ते आधीच बाजूला काढून ठेवलेले बरे. स्पर्धेत उतरायचं तर देशातल्या मोटर स्पोर्टचा कारभार बघणाऱ्या एफएमएससीआय या संघटनेचा परवाना आणि त्या वर्गाची नियमावली आधी वाचायची, मग पान्याला हात लावायचा. नाहीतर हौसेनं केलेला एखादा बदल तुम्हाला थेट वरच्या, महागड्या वर्गात नेऊन बसवतो.

जवळचं हवं असेल तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्यात. निपाणीहून तासाभराची वाट. गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली असताना मालकानं तिथं जाऊन कार्ट चालवावी असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक कुठं सोडायचा, नजर वळणाच्या पलीकडं कशी ठेवायची, मागचं टोक सुटलं की हात काय करतात, हे तिथं थोडक्या पैशांत कळतं. आणि पहिल्यांदा मोठ्या ट्रॅकवर जाल तेव्हा शक्यतो गाडी मूळच्याच अवस्थेत न्या. फक्त पॅड, ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल ताजं. गाडी स्वतःच सांगेल आधी काय दमतंय ते. पोलोचं एक दमेल, सिटीचं दुसरं. त्या क्रमानं पैसे घाला.

सत्र संपलं की शेवटची फेरी हळू मारायची, ब्रेकला शक्यतो न शिवता, म्हणजे डिस्कवरून हवा वाहते. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही; तापलेले पॅड डिस्कला एका जागी चिकटून बसतात आणि पुढच्या वेळी पेडल धडधडतं. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, बॉनेट उघडा. हवा लगेच मोजा, कारण दोन मिनिटांत आकडा उतरतो. वहीत लिहा: थंड हवा, गरम हवा, ऑइलचं तापमान, पॅडची जाडी, बाहेरचं ऊन. चाकांचे नट थंड झाल्यावर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा, नुसता पाय देऊन नाही. आणि पाणी प्या. जाड सूट आणि हेल्मेट घालून मे महिन्यात वीस मिनिटं बसलेला माणूसही तापलेला असतो, आणि त्याला मीटर नसतो.